महाजालावरील व्यवहार : भाविकांनी घ्यावयाची दक्षता आणि काही उपयुक्त साधने



या पानावर आम्ही एरवी उत्सवांच्या सूचना, कार्यक्रमपत्रिका आणि देणगीचा हिशेब प्रसिद्ध करीत असतो. आजचा विषय थोडा निराळा आहे. परंतु तो मंदिराच्या कामकाजाला आणि प्रत्येकाच्या घराला सारखाच लागू आहे.

११ एप्रिल २०१६ रोजी यूपीआय ही पैसे देण्याघेण्याची पद्धत सुरू झाली. त्यानंतर काही वर्षांतच दानपेटीच्या शेजारी क्यूआर कोडची पाटी आली. पांढुर्णा, सौंसर आणि भोवतालच्या गावांतील अनेक कुटुंबांची मुले नोकरीनिमित्त नागपूर, पुणे, भोपाळ अशा ठिकाणी आहेत. ती तेथूनच अभिषेकाची दक्षिणा पाठवितात. बाजारातील भाजीपासून संत्र्याच्या बागेच्या सौद्यापर्यंत पैसा आता मोबाईलवरून फिरतो. ही सोय मोठी आहे आणि ती टाळावी असे आमचे म्हणणे नाही. मात्र ज्या वाटेने देणगी येते, त्याच वाटेने लबाडही येतो, याचे भान असणे अगत्याचे आहे.

महाजालावरची चोरी दोन प्रकारची असते. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला. चोरांनी बँकेच्या संगणकव्यवस्थेत शिरकाव करून अनेक देशांतील एटीएममधून आणि परदेशी हस्तांतरणाने मिळून ९४ कोटी रुपयांहून अधिक रक्कम काढली. हा कुलूप फोडण्याचा प्रकार होय. त्याचा बंदोबस्त बँकेने करावयाचा असतो. दुसऱ्या प्रकारात कोणी काही फोडत नाही. आपणच दार उघडावे अशी परिस्थिती निर्माण केली जाते. कधी भीती घातली जाते, कधी लोभ दाखविला जातो, कधी देवाचे नाव पुढे केले जाते. आणि प्रत्येक वेळी घाई केली जाते. सामान्य माणसाची फसवणूक बहुधा या दुसऱ्या प्रकारची असते.

म्हणून या लेखातील सर्व सूचनांच्या मुळाशी एकच नियम आहे. समोरून आलेल्या वाटेने जाऊ नये, आपल्या माहितीच्या वाटेने जावे. आलेला दुवा, आलेला क्रमांक, आलेली फाईल यांवर बोट न ठेवता, पासबुकावर, पावतीवर किंवा एटीएम कार्डाच्या मागे छापलेल्या पत्त्यावर वा क्रमांकावर आपण होऊन विचारणा करावी. हा नियम पाळल्यास पुढील बहुतेक संकटे दाराबाहेरच राहतील.

१. देणगी आणि क्यूआर कोड

एप्रिल २०२३ मध्ये केदारनाथ व बद्रीनाथ या धामांचे दरवाजे उघडले, तेव्हा मंदिरांबाहेर देणगीसाठी क्यूआर कोडच्या पाट्या लागलेल्या दिसल्या. या पाट्या आपण लावलेल्या नाहीत, अशी तक्रार मंदिर समितीने पोलिसांकडे केली. चौकशीत असे पुढे आले की, २०१८ सालीच समिती व एक पेमेंट कंपनी यांच्यात तसा करार झाला होता. म्हणजे पाट्या लबाडाच्या नव्हत्या. परंतु कोणाच्या आहेत, हे तत्काळ सांगता येत नव्हते. आपल्यासारख्या लहान न्यासांनी यातून घ्यावयाचा बोध हा की, कोणता क्यूआर कोड कोणत्या खात्याचा, तो केव्हा व कोणाच्या ठरावाने लावला, याची लेखी नोंद दप्तरी असलीच पाहिजे.

जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच राज्यातील खजुराहो येथे निराळा प्रकार उघडकीस आला. दुकाने व पेट्रोल पंप येथे लावलेल्या कोडवर रात्रीच्या वेळी दुसरेच कोड चिकटविले गेले होते. ग्राहक पैसे देत होते, दुकानदार माल देत होते आणि रक्कम तिसऱ्याच्याच खात्यात जात होती. दानपेटीजवळच्या कोडच्या बाबतीत असे घडल्यास ते अधिक काळ लपून राहील, कारण देणगी देणारा बदल्यात काही मागत नाही आणि रक्कम पोहोचली का, हेही विचारीत नाही.

भाविकांनी पुढील गोष्टी पाळाव्यात :

(अ) कोड वाचल्यावर पडद्यावर खातेदाराचे नाव दिसते. ३० जून २०२५ पासून नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या नियमानुसार यूपीआय ॲपने बँकेत नोंदलेलेच नाव दाखवावयाचे आहे. ते न्यासाचे नाव नसून एखाद्या व्यक्तीचे असेल, तर तेथेच थांबावे आणि कार्यालयात विचारावे.

(आ) पैसे देतानाच पिन लागतो. पैसे घेताना पिन लागत नाही, कोडही वाचावा लागत नाही. "देणगी परत करावयाची आहे, हा कोड वाचून पिन टाका" असे कोणी सांगितल्यास तो आपले पैसे काढून घेत आहे असे समजावे. संत्री, जुनी दुचाकी किंवा घरातील सामान विकताना "आगाऊ रक्कम पाठवितो" म्हणणारा ग्राहकही हीच युक्ती करतो.

(इ) देणगी दिल्यावर पावती मागावी. पावती मागणे हा अविश्वास नव्हे. त्यामुळे हिशेब दोन्ही बाजूंनी जुळतो.

(ई) व्हॉट्सॲपवर फिरत आलेल्या कोडवर देणगी देऊ नये. डिसेंबर २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या नावाने क्यूआर कोड पाठवून वर्गणी मागितली जात असल्याची तक्रार विश्व हिंदू परिषदेने केली होती. अशी वर्गणी गोळा करण्याचा अधिकार तीर्थक्षेत्र न्यासाने कोणासही दिलेला नव्हता.

२. संकेतस्थळाचा पत्ता कसा वाचावा

यात्रेला निघण्यापूर्वी खोली, पूजा, हेलिकॉप्टर यांची नोंदणी महाजालावर करण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. १९ एप्रिल २०२५ रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने यात्रेकरूंसाठी खास इशारा प्रसिद्ध केला. केदारनाथची हेलिकॉप्टर सेवा, यात्रेकरूंची निवासस्थाने, टॅक्सी आणि धार्मिक सहली यांच्या नावाने हुबेहूब दिसणारी बनावट संकेतस्थळे चालविली जातात, पैसे भरल्यावर पावती येत नाही आणि क्रमांकही बंद होतो, असे त्यात म्हटले होते.

त्याच वर्षी जुलैमध्ये शनिशिंगणापूर देवस्थानाच्या नावाने चालणाऱ्या बनावट ॲपचा विषय महाराष्ट्र विधानसभेत आला. ऑनलाइन पूजेच्या नावाखाली भक्तांकडून पैसे घेतले गेल्याची तक्रार होती आणि अहिल्यानगरच्या सायबर पोलिसांनी गुन्हा नोंदविला. शनिशिंगणापूर आपल्यापासून दूर आहे. प्रत्यक्ष जाणे जमत नाही, म्हणूनच मनुष्य मोबाईलवरून पूजा सांगतो, आणि लांबच्या भक्ताला खरे-खोटे पडताळून पाहणे अधिक कठीण जाते.

पत्ता वाचण्याची एक रीत आहे. पत्त्यातील पहिल्या तिरक्या रेषेपूर्वीचा शेवटचा भाग हाच खरा मालक सांगतो. समजा पत्त्यात आधी देवस्थानाचे नाव आहे आणि तिरक्या रेषेच्या लगत आधी "बुकिंग-सेवा डॉट एक्सवायझेड" असे आहे. तर ते संकेतस्थळ देवस्थानाचे नसून "बुकिंग-सेवा" नावाच्या अनोळखी इसमाचे आहे. आरंभी कितीही पवित्र नाव लिहिलेले असो, त्यास किंमत नाही.

पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हाविषयीही गैरसमज आहे. त्या चिन्हाचा अर्थ एवढाच की, आपण व ते संकेतस्थळ यांच्यामधील मजकूर वाटेत कोणास वाचता येणार नाही. पलीकडे बसलेला मनुष्य प्रामाणिक आहे, असे ते चिन्ह सांगत नाही. लबाडाच्या संकेतस्थळालाही कुलूप असते.

शोधयंत्रात सर्वांत वर येणारा पत्ता खरा असतोच असे नाही. पैसे देऊन जाहिरात वर आणता येते. विशेषतः बँक, गॅस एजन्सी किंवा कुरिअर यांचा ग्राहक सेवा क्रमांक शोधयंत्रात कधीही शोधू नये. बँकांपुरती एक चांगली सोय झाली आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत "डॉट बँक डॉट इन" या शेवटाचा पत्ता घेण्याचे आदेश दिले. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो. तेव्हा बँकेच्या पत्त्यात तो आहे की नाही, हे पाहण्याची सवय लावावी.

३. फाईल आली, उघडू नये

जानेवारी २०२४ मध्ये, अयोध्येतील प्राणप्रतिष्ठेच्या आधी, व्हॉट्सॲपवर एक फाईल फिरत होती. ती उघडल्यास व्हीआयपी प्रवेश मिळेल असे लिहिलेले असे. फाईलच्या नावाचा शेवट "डॉट एपीके" असा होता. हा शेवट लक्षात ठेवावा. एपीके म्हणजे चित्र नव्हे, पत्रिका नव्हे. तो मोबाईलमध्ये बसणारा कार्यक्रम होय. तो एकदा बसला आणि आपण त्यास परवानगी दिली की, तो आपले एसएमएस वाचू शकतो, त्यात बँकेचा ओटीपीही आला.

आता लग्नपत्रिका, वाहनाचे चलान, वीजबिल, किसान सन्मान निधी अशा नावांनी याच जातीच्या फाईली येतात. ओळखीच्या माणसाच्या क्रमांकावरून आली म्हणून ती सुरक्षित ठरत नाही, कारण त्याचा मोबाईल आधीच ताब्यात गेलेला असू शकतो. लग्नपत्रिका आली आणि शंका वाटली, तर त्या घरी साधा फोन करावा. ॲप हवेच असेल, तर ते मोबाईलमधील अधिकृत ॲप भांडारातूनच घ्यावे आणि बनविणाऱ्याचे नाव वाचावे. अशी फाईल चुकून उघडली गेल्यास प्रथम इंटरनेट बंद करावे, दुसऱ्या फोनवरून बँकेस कळवावे आणि मग जाणकाराकडून मोबाईल तपासून घ्यावा.

"तुमची अडचण सोडवितो, एवढे ॲप घ्या" असे सांगून आपला पडदा पाहणारे ॲप बसवून घेतले जाते. व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवर पडदा दाखविण्यासही सांगितले जाते. पडदा दाखविणे म्हणजे तिजोरी उघडताना परक्यास शेजारी उभे करणे होय.

४. परवलीचा शब्द आणि सहा आकडी सांकेतिक क्रमांक

परवलीचा शब्द म्हणजे पासवर्ड. नाव, जन्मवर्ष, मुलाचे नाव किंवा मोबाईल क्रमांक यांपासून तो बनवू नये. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडून केलेला लांब पासवर्ड लक्षात राहतो आणि ओळखण्यास कठीण जातो. ईमेल आणि बँक यांचे पासवर्ड वेगवेगळे असावेत. ईमेलचा पासवर्ड सर्वांत जपावा, कारण इतर ठिकाणचा विसरलेला पासवर्ड बदलण्याचा दुवा ईमेलवरच येतो. जेथे सोय असेल तेथे दुहेरी पडताळणी चालू करावी. म्हणजे पासवर्ड कोणास कळला तरी दुसरे दार बंद राहते.

व्हॉट्सॲपविषयी स्वतंत्र सूचना. नव्या मोबाईलवर आपले खाते सुरू करताना सहा आकडी क्रमांक येतो. "चुकून तुमच्याकडे माझा नंबर गेला, जरा सांगा" असा संदेश ओळखीच्या नावाने येतो आणि तो क्रमांक दिला की आपले खाते जाते. मग त्या खात्यावरून भजनी मंडळाच्या, नातेवाइकांच्या गटांत पैशांची मागणी सुरू होते. उपाय सोपा आहे. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये "टू-स्टेप व्हेरिफिकेशन" चालू करून स्वतःचा सहा आकडी पिन ठरवावा. त्याच ठिकाणी "लिंक्ड डिव्हाइसेस" उघडून आपले खाते दुसऱ्या कोणत्या संगणकावर चालू नाही ना, हेही महिन्यातून एकदा पाहावे.

५. आधार, छायाप्रती आणि आपली खासगी माहिती

नोंदणी, केवायसी, समग्र आयडी, लाडली बहना योजना अशा कामांसाठी आपण एमपी ऑनलाइन केंद्रावर जातो. कागद बहुधा दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर पाठविले जातात आणि काम झाल्यावर ते त्या संगणकात तसेच पडून राहतात. दुकानदार सज्जन असला तरी तो संगणक दिवसभर अनेकांच्या हाताखालून जातो. म्हणून काम संपताच आपल्यासमोर फाईल काढून टाकण्यास विनंती करावी आणि व्हॉट्सॲपवरील संदेश "सर्वांसाठी" पुसावा. स्वतःचे खाते त्या संगणकावर उघडले असल्यास ते बंद करूनच उठावे. छायाप्रतीवर "अमुक कामासाठी" असे लिहून दिनांक घालण्याची जुनी रीत आजही उत्तम आहे.

आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर दोन सोयी विनामूल्य आहेत. पहिली म्हणजे झाकलेला आधार, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. जेथे पूर्ण क्रमांकाची गरज नाही, तेथे तोच द्यावा. दुसरी म्हणजे अंगठ्याच्या ठशाला कुलूप. गावोगावी आधार व अंगठा यांवर पैसे काढण्याची सोय आहे. ठशाची नक्कल करून त्या मार्गाने खाती रिकामी करण्याचे गुन्हे अनेक राज्यांत झाले आहेत. अशा चोरीला ओटीपीही लागत नाही. ज्यांना अंगठा लावण्याचे काम क्वचितच पडते, त्यांनी ठसा कुलूपबंद ठेवावा आणि रेशन किंवा इतर कामाच्या दिवशी तेवढ्यापुरता उघडावा. आधारसंबंधी चौकशीसाठी १९४७ हा क्रमांक आहे.

६. "डिजिटल अटक" असे काही नसते

हा भाग घरातील वयोवृद्धांना मोठ्याने वाचून दाखवावा, अशी विनंती आहे. फोन येतो. "तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले" किंवा "तुमच्या खात्यातून काळा पैसा गेला" असे सांगितले जाते. मग व्हिडिओवर पोलिसाच्या गणवेशातील मनुष्य दिसतो, बनावट वॉरंट दाखवितो आणि फोन चालू ठेवून खोलीतच बसण्यास सांगतो. कोणास काही सांगू नका, अशी ताकीद देतो आणि शेवटी "तपासणीसाठी" रक्कम पाठविण्यास सांगतो.

भारतीय कायद्यात फोनवरून किंवा व्हिडिओवरून अटक करण्याची कोणतीही तरतूद नाही. पोलीस, सीबीआय, न्यायालय किंवा रिझर्व्ह बँक कधीही तपासणीसाठी पैसे मागत नाहीत. २७ ऑक्टोबर २०२४ रोजीच्या "मन की बात" मध्ये पंतप्रधानांनी याच विषयावर देशास सावध केले होते. १ डिसेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपविला.

या फसवणुकीचे सारे बळ एकांतात आहे. घरातील दुसऱ्या माणसाला किंवा शेजाऱ्याला विषय कळला की ती तेथेच संपते. ज्यांची मुले परगावी आहेत आणि जे घरी एकटे असतात, त्यांच्यासाठी कुटुंबाने आधीच ठरवून ठेवावे की, पैशाचा फोन आला की तो ठेवून प्रथम मुलाला किंवा शेजाऱ्याला सांगावयाचे. निवृत्तिवेतनाचे किंवा पिकाच्या पैशाचे खाते यूपीआयला न जोडता, रोजच्या खर्चापुरती थोडी रक्कम असलेले वेगळे खाते जोडावे. मग एखादे वेळी चूक झाली तरी आयुष्याची कमाई जात नाही.

७. उपयुक्त साधने

संचार साथी : दूरसंचार विभागाचे हे संकेतस्थळ मे २०२३ मध्ये सुरू झाले, त्याचे ॲपही आहे. आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत ते येथे कळते व अनोळखी कार्डाविषयी तक्रार करता येते. हरवलेला मोबाईल बंद पाडता येतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीच्या गर्दीत किंवा जामसांवळीच्या यात्रेत मोबाईल गेल्यास पोलिसांत तक्रार देऊन येथे नोंद करावी. यासाठी मोबाईलचा आयएमईआय क्रमांक लागतो. तो "स्टार हॅश ०६ हॅश" दाबल्यावर दिसतो. आजच वहीत लिहून ठेवावा. याच संकेतस्थळावरील "चक्षू" या भागात संशयास्पद फोन व संदेश कळविता येतात.

एसएमएसच्या नावाचा शेवट : मे २०२५ पासून कंपन्यांकडून येणाऱ्या संदेशाच्या नावापुढे आडवी रेघ व एक अक्षर येते. पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे शासन. साध्या दहा आकडी क्रमांकावरून "तुमचे खाते बंद होईल" असा संदेश आल्यास तो बँकेचा नाही असे समजावे.

डिजिलॉकर : २०१५ पासून चालू असलेल्या या शासकीय सेवेत वाहन परवाना, गुणपत्रिका इत्यादी कागद मूळ स्वरूपात ठेवता येतात. मोबाईलच्या छायाचित्रांत कागद साठविण्यापेक्षा हे बरे.

सायबर स्वच्छता केंद्र : फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झालेले हे शासकीय केंद्र संगणक व मोबाईल स्वच्छ करण्याची साधने विनामूल्य देते.

हॅव आय बीन पोन्ड : २०१३ पासून चालणाऱ्या या संकेतस्थळावर आपला ईमेल पत्ता घातल्यास तो कोणत्या माहितीचोरीत सापडला होता, हे कळते. सापडला असल्यास तेथील पासवर्ड बदलावा.

व्हायरसटोटल : संशयास्पद दुवा येथे अनेक विषाणुरोधकांकडून एकाच वेळी तपासता येतो. मात्र येथे घातलेली फाईल इतर तपासनिसांनाही उपलब्ध होऊ शकते. म्हणून स्वतःचे खासगी कागद तेथे कधीही चढवू नयेत.

८. फसवणूक झालीच तर

क्षणाचाही विलंब न करता १९३० या क्रमांकावर फोन करावा. हा राष्ट्रीय क्रमांक आहे. तक्रार नोंदविताच रक्कम ज्या ज्या खात्यांतून पुढे जाते, तेथे ती अडविण्याचा प्रयत्न होतो. चोर रक्कम काही मिनिटांत अनेक खात्यांत पसरवितो. म्हणून पहिला तास मोलाचा आहे. व्यवहाराचा क्रमांक, वेळ व रक्कम हाताशी ठेवावी. नंतर "सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन" या संकेतस्थळावर सविस्तर तक्रार द्यावी आणि जवळच्या पोलीस ठाण्यातही जावे. संदेश, क्रमांक, पडद्याची छायाचित्रे यांतील काहीही पुसू नये.

त्याच वेळी बँकेस कळवून तक्रारीचा क्रमांक घ्यावा. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेले तत्त्व जाणून घेण्यासारखे आहे. चूक ग्राहकाचीही नाही व बँकेचीही नाही, आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर त्याच्यावर भार येत नाही. ग्राहकाने स्वतःच गुप्त क्रमांक दिला असेल, तर बँकेस कळविण्यापर्यंतचे नुकसान त्याचे; कळविल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे दोष आपला असला तरी लवकर कळविण्याने लाभच होतो.

पुष्कळ लोक लाजेपोटी गप्प बसतात. सुशिक्षित म्हणवितो आणि फसलो, हे मुलांना कसे सांगावे, असे त्यांना वाटते. त्या गप्प बसण्यातच पैसे परत मिळण्याची वेळ निघून जाते. फसलेल्या माणसास घरच्यांनी बोल लावू नये. आधी १९३० ला फोन लावावा. काही दिवसांनी "तुमचे गेलेले पैसे मिळवून देतो, थोडे शुल्क भरा" असा आणखी एक फोन येण्याचा संभव असतो. तोही फसवणुकीचाच भाग होय.

९. न्यासाच्या सभासदांसाठी

न्यास या शब्दाचा मूळ अर्थ विश्वासाने सोपविलेली ठेव असा आहे. ती ठेव केवळ पैशाची नसते. देणगीदारांची नावे, पत्ते, मोबाईल क्रमांक, खोलीसाठी दिलेल्या आधारच्या प्रती, हीसुद्धा भाविकांनी आपल्याकडे सोपविलेली ठेवच आहे. संसदेने २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा केला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु कायदा नसता तरी हे आपले कर्तव्यच होते. ज्याच्या हाती देणगीदारांची यादी पडते, तो नाव, गाव आणि रक्कम सांगून सहज विश्वास मिळवू शकतो. म्हणून सर्व सभासदांनी पुढील नियम पाळावेत :

(अ) देणगीदारांची यादी प्रसिद्ध करताना फक्त नाव व गाव द्यावे. मोबाईल क्रमांक, घरचा पत्ता वा पॅन क्रमांक कधीही देऊ नये. ज्यांना नावही नको असेल, त्यांची इच्छा मानावी.

(आ) आधारच्या प्रती टेबलावर उघड्या ठेवू नयेत. गरज नसेल तर घेऊच नयेत; घेतल्यास काम संपल्यावर फाडून नष्ट कराव्यात.

(इ) व्हॉट्सॲप गटात प्रत्येकाचा क्रमांक सर्वांना दिसतो. उत्सवाच्या सूचनांसाठी चॅनेल किंवा ब्रॉडकास्ट यादी वापरावी.

(ई) न्यासाच्या ईमेलचा व बँक खात्याचा पासवर्ड दुसऱ्यास व्हॉट्सॲपवर पाठवू नये. पदाधिकारी बदलताच तो बदलावा.

(उ) दानपेटीजवळचा क्यूआर कोड रोज सकाळी मंदिर उघडताना एक रुपया पाठवून तपासावा आणि नोंदवहीत सही करावी. पाटी काचेच्या आत असावी.

(ऊ) लहान मुलांची छायाचित्रे पालकांच्या संमतीवाचून संकेतस्थळावर घालू नयेत.

भाविकांनी नोंद घ्यावी की, आपल्या न्यासाच्या वतीने कोणीही फोनवरून देणगी मागत नाही, ओटीपी विचारीत नाही आणि प्रसाद पाठविण्यासाठी आगाऊ शुल्क घेत नाही. असा फोन आल्यास कार्यालयास अवश्य कळवावे; त्यामुळे इतरांना वेळीच सावध करता येईल.

आपल्या भागात मराठी व हिंदी दोन्ही भाषा सहज बोलल्या जातात. त्यामुळे कोणत्याही भाषेत आलेला गोड फोन आपल्याला परका वाटत नाही. म्हणूनच सवय एवढीच लावावी की, थांबावे, घरात कोणास तरी विचारावे आणि आपल्या माहितीच्या क्रमांकावर स्वतः फोन करावा. ज्यांना हे मोबाईलवर करून पाहण्यास अडचण वाटते, त्यांनी कार्यालयाच्या वेळेत यावे. ठशाचे कुलूप, व्हॉट्सॲपचा पिन, संचार साथीवरील सिमकार्डांची तपासणी या तीन गोष्टी त्यांच्याच हाताने करवून घेण्यास कार्यकर्ते साहाय्य करतील. पिन मात्र त्यांनी आम्हांसही सांगू नये.

या लेखाची प्रत काढून घरातील ज्येष्ठांस वाचण्यास द्यावी आणि १९३० हा क्रमांक फोनजवळ मोठ्या अक्षरांत लिहून लावावा, ही नम्र विनंती.

आपले विनीत,
सचिव, विश्वस्त मंडळाच्या वतीने
पांढुर्णा